शाळेची सभा: किती वेळा, किती वेळ

श्रोते हो, नमस्कार.

शाळा व्यवस्थापन समितीची सभा दर महिन्याला व्हावी आणि ती दीड तासात संपावी, एवढीच गोष्ट आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. दर महिन्याला, आणि दीड तास. यातला पहिला भाग नवा नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याखालच्या केंद्राच्या नियमांत महिन्यातून किमान एक बैठक घ्यावी, तिचे इतिवृत्त नीट लिहावे व ते लोकांना पाहण्यास खुले ठेवावे, असे म्हटले आहे. समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात, हे आपणांस ठाऊक आहेच. सभा किती वेळ चालावी हे मात्र आपले आपणच ठरवायचे असते, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी अधिकारी, असताना तासगाव तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत अशाच एका सभेला बसले होते. नोटिशीत सायंकाळी पाचची वेळ होती. शाळा सुटल्यावर चौथीच्या वर्गात सतरंज्या अंथरल्या गेल्या, समितीतल्या आया वेळेवर येऊन दाराजवळ बसल्या आणि सभा सुरू व्हायला साडेपाच वाजले. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम झाले. मग प्रजासत्ताक दिनाला पाहुणे कोण बोलवायचे हा विषय निघाला. एकाने कारखान्याचे संचालक सुचवले, दुसऱ्याने बँकेचे, तिसऱ्याने गावातून मुंबईला जाऊन मोठ्या हुद्द्यावर पोहोचलेल्या गृहस्थांचे नाव घेतले, आणि शाल-श्रीफळ किती आणायचे इथपर्यंत चर्चा गेली. (शाळेच्या पैशातून सत्कार करण्याची ही प्रथा बंद व्हावी असे माझे स्पष्ट मत आहे; तेवढ्या रकमेत एका वर्गाच्या वह्या येतात.) सव्वासहाच्या सुमारास दाराजवळची एक बाई उठली, रजिस्टरवर सही केली आणि निघाली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. डेअरीवर दूध घालायची वेळ झाली होती. धार काढून सातच्या आत किटली तिथे पोहोचली नाही, तर त्या वेळचे दूध घरीच राहते.

सात वाजता आयत्या वेळचे विषय आले. मुख्याध्यापकांनी वाचले, “मुलींच्या स्वच्छतागृहातील नळाबाबत चर्चा करणे.” तेव्हा वर्गात एकही आई नव्हती. अध्यक्ष म्हणाले, “पुढच्या सभेत घेऊ.” मी इतिवृत्ताची वही मागून घेऊन मागची पाने चाळली. तोच विषय, तेच वाक्य, त्याआधीच्या दोन्ही सभांत लिहिलेले होते. या मंडळींत वाईट कोणीच नव्हते, हे मी आवर्जून सांगते. सगळेच शाळेसाठी पदरमोड करणारे होते. पण नळाची गरज ज्यांना माहीत होती, त्या तो विषय निघेपर्यंत थांबूच शकत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांपैकी एक जण वाटेत भेटली आणि म्हणाली, “बाई, आमचा विषय कायम दूध घालायच्या वेळंलाच निघतोय बघा.”

पुढच्या महिन्यात मुख्याध्यापकांनी विषयपत्रिका उलटी केली. इतिवृत्तानंतर पहिलाच विषय नळाचा ठेवला, पाहुण्यांचा विषय शेवटी नेला, आणि सभा सहालाच संपेल असे नोटिशीत लिहिले. त्या दिवशी ती बाई उभी राहिली आणि म्हणाली, “माझी पोरगी शाळेत दिवसभर पाणी पीत न्हाई. पाणी प्यालं की जावं लागतंय, आन् तितं नळाला पाणी न्हाई.” वर्गात कोणी काही बोलले नाही. अध्यक्षांनी पैशांचे विचारले. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत ३१ ते १०० पट, म्हणजे विद्यार्थी, असलेल्या शाळेला वर्षाला २५,००० रुपयांचे संयुक्त शाळा अनुदान मिळते आणि त्यातली किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी खर्च करायची असते. त्या शाळेचा पट साठच्या घरात होता आणि त्या वर्षीची रक्कम खात्यावर पडून होती. सूचक ती बाई, अनुमोदक स्वतः अध्यक्ष. ठराव झाला, आणि त्याच आठवड्यात नवी पाइप आणि दोन नळ बसले.

म्हणून मी दीड तासाचा आग्रह धरते. सभा लांबली की निर्णय वाढत नाहीत, माणसे कमी होतात. आणि आधी उठावे लागते ते जनावरे असणाऱ्यांना, रोजावर जाणाऱ्यांना, चूल ज्यांच्यावर आहे त्यांना. मुलांचे विषय आधी, समारंभाचे नंतर. हे पुन्हा सांगते, मुलांचे विषय आधी.

दर महिन्याला का, तेही याच गोष्टीत आहे. “पुढच्या सभेत घेऊ” याचा अर्थ मासिक सभेत चार आठवडे होतो, तिमाही सभेत निम्मे सत्र निघून जाते. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य धरलेले असते. त्याचा साठा आणि हजेरीपट यांचा मेळ महिन्याच्या महिन्याला पाहिला तरच चूक सापडते. सभा न घेता शिपायाकरवी रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. अशी सही कृपा करून कोणी देऊ नये. द्राक्षाच्या छाटणीत किंवा ऊसतोडीच्या दिवसांत माणसे मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. त्यावर सभा रद्द करण्यापेक्षा ती रात्री आठला घ्यावी.

मोठ्या संस्थांची गोष्ट थोडी वेगळी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी स्थापन केलेली आणि १९२४ साली साताऱ्यास आलेली रयत शिक्षण संस्था आज अनेक जिल्ह्यांत पसरली आहे. एवढ्या विस्ताराच्या संस्थेचे मध्यवर्ती मंडळ तीन महिन्यांनी भेटले तरी चालेल, मात्र प्रत्येक शाखेची स्थानिक समिती महिन्यालाच बसली पाहिजे, कारण गळके छप्पर तिलाच दिसते.

दीड तासाला अपवाद मी एकच मानते. शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडा दीड तासात होत नाही. त्यासाठी वेगळा रविवार ठरवावा, सकाळी दहाला बसावे, आधी सर्वांनी मिळून वर्गखोल्या, स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहे फिरून पाहावीत, आणि मगच कागद पुढे घ्यावा. त्या दिवशी तीन तास लागले तरी हरकत नाही. नमस्कार.