आधी पत्र, मग फ्लॅट

(दांडिया बाजार, सकाळ)
वडोदरा, दांडिया बाजार. वाड्यात वाटेकरी वाढले, खोल्या तेवढ्याच राहिल्या. इथली मराठी बिऱ्हाडं एकेक करून गोत्री, वासणा-भायलीकडे सरकतायत. हे नवरा-बायकोही निघालेत.

(सॅम्पल फ्लॅट)
भायलीतला हा सॅम्पल फ्लॅट. पलंग मुद्दाम आखूड, खोल्यांना दारंच नाहीत; सगळं ऐसपैस दिसतं. किंमत ४५ लाख. ब्रोकर म्हणतो, "टोकन आपी दो ने, लोन तो थई जशे."

यांनी टोकन, म्हणजे फ्लॅट धरून ठेवायची आगाऊ रक्कम, दिलं नाही. शहाणपणाच केला.

(जेवणाचं टेबल, फाइल)
आधी बँकेसाठी ही फाइल. ३ महिन्यांच्या पगारपावत्या, २ वर्षांचे करकपातीचे दाखले (फॉर्म १६), ६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट. तिचं पेन एका ओळीवर थांबलंय बघा: बाइकचा हप्ता, ४,५०० रुपये.

हातात येणारा पगार ६०,०००. बँका साधारण निम्मा पगार हप्त्यांसाठी धरतात, म्हणजे ३०,०००. त्यातून बाइक वजा, उरले २५,५००. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली, तर लाखाला ८६८ रुपये हप्ता. कर्ज बसतं २९ लाखांच्या आसपास.

बाइकचे आठच हप्ते राहिलेत. ते ३६ हजार आधी फेडले, की हाच आकडा ३४ लाखांच्या वर जातो. टोकन देऊन झाल्यावर हे कळून काय उपयोग?

अर्थात, ३० लाखांपुढच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांवर जात नाही. स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के, ती खिशातूनच. नोंदणी फी १ टक्का. दस्तावेज एकट्या सुनेच्या नावावर केला तर ही फी माफ. यावर सासूबाई काय बोलल्या, ते त्यांनी कापायला लावलं.

(बँकेचा दरवाजा)
आत कॅमेऱ्याला मनाई. बाहेर आलं ते तत्त्वतः मंजुरीचं पत्र, म्हणजे पगार बघून एवढं कर्ज देता येईल, असं बँकेचं लेखी. साधारण ३ ते ६ महिने चालतं. फ्लॅट ठरला की बँकेचा वकील कागद तपासतो, इंजिनिअर जागा बघून किंमत ठरवतो. खरी मंजुरी त्यानंतर. पत्राशिवाय टोकन देणाऱ्यांचं कर्ज अडलं, की टोकनही अडकतं.

(रविवार, स्कूटर)
आजच्या यादीत गोत्रीतले दोन आणि अटलादऱ्यातला एक. भायलीचा ठेवलाय, पण भाव उतरला तर.