लाईन गेली तेव्हा काय झालं

(काळा पडदा. घरघर ऐकू येते.)

ही घरघर कूलरची आहे. मे महिन्यात नागपुरात कॅमेरा कुठेही लावा, कूलर आवाजात येतोच. बंद करून पाहिला. पाच मिनिटांत तिघंही उठून गॅलरीत गेले. मग राहू दिला.

(दृश्य: लक्ष्मीनगरमधल्या घराची बैठक. दिवाणावर मामा, खुर्चीत काका, मोढ्यावर मॅडम.)

दिवाणावर बसलेत ते माझे मामा. सगळी नोकरी अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत झाली. खुर्चीतले काका अजनीच्या लोको शेडमधून निवृत्त झाले. मॅडम इंदोऱ्याच्या, शाळेत गणित शिकवायच्या. मामा आणि काकाही त्यांना मॅडमच म्हणतात. तिघांनी साठी ओलांडली आहे आणि तिघांची ओळख एका जहाजामुळे झाली. त्या जहाजाचं नाव एंटरप्राइझ.

'स्टार ट्रेक' ही या अंतराळयानाची मालिका अमेरिकेत 8 सप्टेंबर 1966 ला सुरू झाली. जीन रॉडनबेरी यांची कल्पना. पाच वर्षांच्या मोहिमेवर निघालेलं हे जहाज वाहिनीनं तीन वर्षांतच परत बोलावलं, तेही प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून तिसरं वर्ष मिळवून दिलं म्हणून. एकूण 79 भाग. आपल्याकडे दूरदर्शननं ते ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दाखवले, तेव्हा मालिका बंद होऊन पंधरा-एक वर्षं झाली होती. नागपूरला त्याची काय कल्पना! इथं ती नवीकोरी होती.

(दृश्य: सेमिनरी हिल्सवरचा टीव्ही टॉवर, खालून वर.)

सगळ्या गच्च्यांवरचे अँटेना याच्याकडे तोंड करून उभे असायचे. आणि खाली बैठकीत, बहुतेक घरांत, कृष्णधवल संच.

ही बारीकशी गोष्ट वाटेल, पण नाही. एंटरप्राइझवरच्या लोकांच्या शर्टांना रंग आहेत. कप्तानाच्या लोकांचा पिवळा, शास्त्रज्ञांचा निळा, इंजिनवाल्यांचा आणि रखवालदारांचा लाल. आणि ग्रहावर उतरलेल्या तुकडीत लाल शर्टवाला जो अनोळखी गडी असेल, तो बहुधा जाहिरातीआधी मरणार, हा जगभरच्या चाहत्यांचा जुना विनोद. नागपूरला हा विनोद माहीतच नव्हता. इथं सगळे शर्ट राखाडी.

काका म्हणतात, "आमच्यासाठी कोणीबी मरू शकत होता बावा. लय टेन्शन राहायचं."

मला हे फार आवडलं. ज्यांनी ती मालिका रंगीत पाहिली, त्यांना हे टेन्शन मिळालंच नाही.

दुसरी गोष्ट विजेची. नागपुरात वीज जात नाही, लाईन जाते. रविवारी सकाळी ती कधी जाईल याचा नेम नसे. एका भागाची गोष्ट तिघंही आजही सांगतात. डॉक्टर मॅकॉय चुकून भूतकाळात जातो, तिथं काहीतरी करतो आणि वर्तमानातलं जहाजच नाहीसं होतं. ते दुरुस्त करायला कप्तान कर्क आणि त्याचा परग्रहावरचा साथीदार स्पॉक 1930 सालच्या न्यूयॉर्कमध्ये पोचतात. तिथं एक बाई गरिबांसाठी लंगर चालवते. कर्कचा तिच्यावर जीव जडतो. आणि स्पॉकला कळतं, की इतिहास पूर्ववत व्हायचा असेल तर या बाईला मरावं लागेल.

मामांच्या घरी नेमकी तेव्हा लाईन गेली.

(दृश्य: मामांचा चेहरा. ते हसतात.)

तेव्हा मालिका पुन्हा पाहायची सोय नव्हती. आठवडाभर फॅक्टरीच्या बसमध्ये मामांनी ही गोष्ट लोकांना सांगितली, आणि शेवट स्वतःचा जोडला. त्यात बाई वाचते. स्पॉक गणितात चुकलेला निघतो. तीन-चार वर्षं मामा याच शेवटावर खूश होते. मग बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना जेम्स ब्लिश यांचं फाटकं पुस्तक दिसलं. ब्लिश यांनी मालिकेचे भाग कथांच्या रूपात लिहून काढले होते. मामांनी हात घातला तेव्हा त्याच पुस्तकावर आणखी दोन हात होते. एक काकांचा, एक मॅडमचा. मामा शपथेवर सांगतात की हे असंच घडलं. मॅडम म्हणतात, हात दोनच होते, काका नंतर चहाला आले.

पुस्तकात ती बाई मरते. धावत्या गाडीखाली. कर्क मॅकॉयला धरून ठेवतो, वाचवू देत नाही.

"मी दुकानात उभ्या उभ्या वाचलं," मामा म्हणतात. "आणि पुस्तक यांना देऊन टाकलं."

(दृश्य: व्हरायटी चौक. दुपार. रस्ता रिकामा.)

आता 2009. त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत मल्टिप्लेक्स आणि हिंदी निर्माते यांच्यात पैशाच्या वाटणीवरून संप चालला होता. नवीन मोठे हिंदी सिनेमे येईनात. बाहेर ऊन, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस अजून यायचेच होते, आणि थंडगार हॉलमध्ये लावायला इंग्रजी सिनेमांशिवाय फारसं काही नाही. अशा मुहूर्तावर जे. जे. एब्रम्स यांचा 'स्टार ट्रेक' आला. कर्क तोच, स्पॉक तोच, पण सगळे तरुण आणि सगळे नवे. क्रिस पाइन, झॅकरी क्विंटो, झोई सल्डाना. तिकिटं मामांच्या मुलीनं काढली. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि आदल्या दिवशी मैत्रिणींबरोबर तोच सिनेमा पाहून आली होती. हे तिनं बाबांपासून बरीच वर्षं लपवलं.

सुरुवातीची दहा मिनिटं तिघंही गार. एक फौजी जहाज, समोर भलं मोठं काटेरी शत्रूचं जहाज, आणि कर्कचा बाप बारा मिनिटांसाठी कप्तान होऊन आठशे लोक वाचवतो आणि मरतो. त्याच वेळी पळत्या यानात कर्क जन्मतो. मामा रडले. हे त्यांनी कबूल केलं आहे, कॅमेऱ्यावर.

शत्रूच्या जहाजाचं नाव नारदा. काकांनी हॉलमध्ये मोठ्यानं "नारायण, नारायण" म्हटलं आणि पुढच्या रांगेतून शिव्या खाल्ल्या. पण खरंच विचार करा, तिन्ही लोकांत फिरून भांडणं लावणारं जहाज, दुसरं काय नाव ठेवणार?

मग इंजिनाची खोली आली.

(दृश्य: काका पुढे सरकून बसतात.)

"हे इंजिन होय का? मी तीस वर्षं इंजिनात घातली. इंजिनात असे पाइप राहते का? हे तर मोहाची भट्टी दिसून राहिली."

काका तेव्हा नुसतेच बोलले. नंतर मामांच्या मुलीनं शोधून काढलं, की ती खोली खरोखरच बीअरचा कारखाना आहे. कॅलिफोर्नियात व्हॅन नाइजला, बडवायझरचा. तिथं जाऊन चित्रण केलेलं. काकांना एवढा आनंद निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता.

मामांची तक्रार वेगळी, आणि मला ती जास्त पटते. जुन्या मालिकेकडे पैसा नव्हता. दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं, म्हणून माणसं इथं चमचमत विरघळायची आणि खाली उमटायची. जगप्रसिद्ध ट्रान्सपोर्टर असा काटकसरीतून जन्मला. काटकसरीतूनच आणखी एक गोष्ट आली: माणसं बसून बोलायची. मध्ये कर्क, एका कानाशी स्पॉकचा तर्क, दुसऱ्या कानाशी मॅकॉयची चिडचिड, आणि निर्णय होईपर्यंत आपणही तिथं बसलेले.

"आमचा कर्क विचारायचा," मामा म्हणतात. "हा नुसता पळून राहिला."

नव्या मॅकॉयबद्दल मात्र कोणी वाकडा शब्द काढला नाही. कार्ल अर्बन तिघांनाही पास.

आणि मग व्हल्कन. स्पॉकचा ग्रह. नारदा त्याच्या पोटात भोक पाडते, आत लाल थेंब सोडते, आणि ग्रह स्वतःतच गिळला जातो. स्पॉकची आई डोळ्यांदेखत कड्यावरून जाते. सहा अब्ज जीव, उरले जेमतेम दहा हजार. मामा उठून बाहेर गेले. मुलीला वाटलं, ऊन बाधलं. बाहेर ते पॉपकॉर्नच्या काउंटरला टेकून उभे होते, काही न घेता.

"अगं, 79 भागांत एकदाच गेलो होतो आम्ही तिथं," त्यांनी मुलीला सांगितलं. "एकदाच. आणि उडवून दिला."

हे खरं आहे. मूळ मालिकेत व्हल्कनवर एकच भाग घडतो. तिथलं आकाश तांबूस आहे हेही मामांना पुढे डीव्हीडी पाहिल्यावर कळलं.

(दृश्य: मॅडम. मागे भिंतीवर दीक्षाभूमीच्या स्तूपाचं चित्र असलेलं कॅलेंडर, त्यांनीच मामांना दिलेलं.)

मॅडम आतापर्यंत गप्प आहेत, कारण त्यांना सिनेमा आवडला होता. हे सांगायला त्यांनी थोडा वेळ घेतला.

त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. इंदोऱ्यात शेजारच्यांकडे दहा-पंधरा पोरं खाली बसून पाहायची. मॅडमचं लक्ष उहुराकडे. ती भूमिका निशेल निकोल्स यांची. 1966 साली अमेरिकेच्या टीव्हीवर एक काळी बाई अधिकारी म्हणून जहाजाच्या नियंत्रण कक्षात बसते, आणि कोणी तिला उठ म्हणत नाही. निकोल्स यांनी पुढे अनेकदा सांगितलं, की त्या मालिका सोडणार होत्या आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबवलं.

"मला त्या जहाजाची एक गंमत वाटायची," मॅडम म्हणतात. "तिथं सगळे एकमेकांना आडनावानं हाक मारतात. उहुरा, सुलू, चेकॉव्ह, मॅकॉय. आणि आडनाव कळल्यावर कोणाचा चेहरा बदलत नाही."

इथं काकांनी कूलरकडे पाहिलं. बराच वेळ.

"आपल्याकडे पहिल्या दिवशी विचारतात ना, पूर्ण नाव सांगा. मी फक्त पहिलं नाव सांगायची. मग म्हणायचे, पूर्ण. तर त्या नव्या सिनेमात उलटंच. तो कर्क उहुराचं पहिलं नाव काढायला सिनेमाभर तिच्यामागं लागलेला, आणि ती सांगत नाही. मला एवढं हसू आलं!"

न्योटा. पुस्तकांत ते नाव आधीपासून होतं, पण पडद्यावर पहिल्यांदा 2009 मध्येच उच्चारलं गेलं. कर्कला ते कळतं तेही स्पॉकच्या तोंडून, कारण स्पॉक आणि उहुराचं जुळलेलं असतं. मामा आणि काकांना ते जुळणं अजून मान्य नाही. मॅडम म्हणतात, तिचा प्रश्न आहे.

बाकी वाद मी भरभर उरकतो. सिनेमाला ऑस्कर मिळालं, या मालिकेतल्या सिनेमांपैकी पहिलंच. मामा म्हणाले, "कशाचं? मेकअपचं. म्हणजे स्पॉकच्या टोकदार कानांचं." चार वर्षांनी दुसरा भाग आला. त्यात 1967 सालचा खलनायक खान नूनियन सिंग परत आणला. मूळ मालिकेत तो उत्तर भारतातला, बहुधा शीख, असा अंदाज करतात. भूमिका मात्र मेक्सिकोच्या रिकार्डो मोंटलबान यांनी केली होती. नव्यात बेनेडिक्ट कंबरबॅच. "खान म्हणे," काका म्हणाले, आणि पोहे खायला लागले.

(दृश्य: नागपूर स्टेशनजवळचं डायमंड क्रॉसिंग. मालगाडी जाते.)

मुख्य भांडण एकाच गोष्टीवर अडलंय: जुनं खरं की नवं? सिनेमावाल्यांनी पळवाट ठेवली आहे. नारदा भविष्यातून मागं येते, इतिहास तिथं फुटतो, आणि पुढचं सगळं वेगळ्या फांदीवर घडतं. जुने 79 भाग आपल्या जागी शाबूत. हे मला सिनेमातून नीट कळलं नव्हतं. काकांमुळे कळलं.

इथं दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई असे दोन मार्ग एकमेकांना कापतात. लोक हे पाहायला येतात आणि समजतात, की इथं गाडी एका लाईनवरून दुसऱ्या लाईनवर जाते.

"जात नाही," काका म्हणतात. "डायमंडवर गाडी फक्त ओलांडते. लाईन बदलाची असंल तर सांधा लागते. त्या नारदानं सांधा बदलला. जुनी लाईन उखडली नाही कोणी. गाडी तिकडं गेली, बस."

आणि डायमंड?

"ते दोन स्पॉक भेटतात ना, म्हातारा आणि तरणा? तो डायमंड. भेटले, आपापल्या लाईननं गेले."

म्हातारा स्पॉक म्हणजे भविष्यातून आलेला जुन्या मालिकेतलाच स्पॉक, लेनर्ड निमॉय, त्या वर्षी अठ्ठ्याहत्तरचे. सिनेमाच्या शेवटी मालिकेचं ते प्रसिद्ध घोषवाक्य त्यांच्याच आवाजात येतं. मालिकेत ते कर्क म्हणायचा, आणि त्यात 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर' असं होतं, म्हणजे जिथं आजवर कोणी पुरुष गेला नाही तिथं; इथं 'नो मॅन'च्या जागी 'नो वन' आहे. हॉलमध्ये हे फक्त मॅडमच्या लक्षात आलं. निमॉय 2015 च्या फेब्रुवारीत गेले. त्या दिवशी तिघांनी एकमेकांना फोन केला, आणि तिघांचेही फोन व्यस्त लागले.

(दृश्य: पुन्हा बैठक. संध्याकाळ. मामांची मुलगी रिमोट घेऊन.)

या चित्रणासाठी आम्ही सिनेमा पुन्हा लावला. मामांची मुलगी आता पुण्याला असते, त्यासाठी म्हणून आली. सुरू करण्याआधी तिनं विषय काढला.

"बाबा, तुम्ही त्या लंगरवाल्या बाईला तीन-चार वर्षं जिवंत ठेवलंत. फॅक्टरीच्या बसमध्ये सगळ्यांना खोटा शेवट सांगितलात. मग एब्रम्सनं काय वेगळं केलं?"

मामा म्हणाले, "मी वाचवलं. त्यानं मारलं."

सिनेमा सुरू झाला. बारा मिनिटांचा कप्तान. नारायण, नारायण. मोहाची भट्टी. हळूहळू बोलणं कमी झालं. नारदाची ती लांब साखळी व्हल्कनच्या आकाशातून खाली आली. मामांनी पाय वर घेतले. भोक पडलं. लाल थेंब निघाला.

(पडदा अचानक काळा. कूलर थांबतो.)

लाईन गेली.

इन्व्हर्टरवर फक्त दिवे आहेत, टीव्ही नाही. मुलगी म्हणाली, लॅपटॉपवर लावते. कोणीच उत्तर दिलं नाही. खाली रस्त्यावर कोणीतरी वीज मंडळाला शिव्या घातल्या.

मग अंधारातून काकांचा आवाज आला.

"चला बावा. व्हल्कन वाचला."