व्हिडिओ कुठल्याही कॉम्प्युटरवर चालायलाच हवा

नमस्कार मंडळी. गॅदरिंगचा नि लग्नांचा सीझन आला की एक प्रकार हमखास होतो बघा, एडिटिंगवाल्याने रात्र रात्र जागून फिल्म केलेली असते, हॉल भरलेला असतो, पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावतात आणि नुसता आवाज येतो, स्क्रीन काळी! एवढ्या मेहनतीचं असं होतं तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण एक्स्पोर्ट करताना, म्हणजे एडिटिंग झाल्यावर शेवटची फाइल काढताना, दोन मिनिटं लक्ष दिलं असतं तर हे टळलं असतं.

फाइलच्या नावापुढे एमपी४ आहे म्हणजे ती चालणारच असं नाही हं. एमपी४ हा नुसता डबा, आत कुठली भाजी आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. आत असतो कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत. आयफोन २०१७ पासून बाय डिफॉल्ट एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ या कोडेकमध्ये शूट करतो, फाइल लहान होते, छानच आहे, पण बऱ्याच विंडोज कॉम्प्युटरवर त्यासाठी वेगळं एक्स्टेंशन टाकावं लागतं आणि ऐन कार्यक्रमात ते कोण टाकत बसणार? म्हणून दुसऱ्याला द्यायची फाइल एच.२६४ मध्येच काढा. २००३ सालचा कोडेक आहे, जुना म्हणून नाक मुरडू नका, घरातला जुनापाना लॅपटॉपसुद्धा तो चालवतो. आवाजाचा कोडेक एएसी, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा.

आता खरी गोम सांगतो. एच.२६४ निवडूनही फाइल अडते ती टेन-बिटमुळे. हल्लीचे बरेच कॅमेरे टेन-बिट, ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवून, शूट करतात, कलर करायला ते उत्तमच, पण एक्स्पोर्टला तेच राहिलं की साधे प्लेअर हात वर करतात. तिथे एट-बिट, ४:२:० आहे ना ते डोळ्यांनी बघून घ्या. हँडब्रेक हे व्हिडिओ बदलून द्यायचं फुकटचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात एच.२६४ चे एकापेक्षा जास्त पर्याय दिसतात, टेन-बिट लिहिलेला सोडून दुसरा घ्यायचा.

क्वालिटी जाईल का? नाही जात, बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, तो नीट ठेवा. फुल एचडीला, म्हणजे १०८०पीला, १० ते १२ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढे मेगाबिट, पुरे, नाचगाण्याची धावपळ असेल तर थोडा वाढवा. फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, शूटचा आहे तोच ठेवा, २५ चं ३० करू नका, चित्र अडखळतं.

१० एमबीपीएसला मिनिटाला साधारण ७५ एमबी होतात, म्हणजे तासाभराचं नाटक साडेचार जीबी, आणि पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही, मग लोक पेनड्राइव्ह खराब आहे म्हणून दुकानात भांडतात! तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून घ्या मात्र, फॉरमॅट केलं की पुसलं जातं.

आणि फाइल द्यायच्या आधी दुसऱ्या कुणाच्यातरी लॅपटॉपवर, ज्यात एडिटिंगचं काहीच टाकलेलं नाही अशा, एकदा लावून बघा, सुरुवातीचं अर्धं मिनिट नाही, मधलं बघा, शेवटचं बघा, कॉपी अर्धवट झाली असेल तर ती शेवटीच कळते.