पट्टी वाजते तेव्हा

(दृश्य: टेबलाची कड, जवळून.)

30 सेंटिमीटरची स्टीलची पट्टी घ्या. तिचा 25 सेंटिमीटर भाग टेबलाबाहेर राहू द्या, उरलेला भाग अगदी कडेपर्यंत तळहाताने घट्ट दाबून धरा. बाहेरचं टोक थोडं खाली ओढा आणि सोडा. पट्टी वरखाली डोलताना स्पष्ट दिसते. आवाज मात्र नाही!

खडखड ऐकू आली असेल, तर हात ढिला पडलाय. पट्टी कडेवर आपटते, त्याचा तो आवाज. हा प्रयोग फसतो तो बहुधा इथेच.

आता पट्टी आत सरकवा. बाहेर साडेबारा सेंटिमीटर ठेवा, पुन्हा छेडा. हालचाल धूसर दिसते आणि एक जाड, खालचा स्वर उमटतो; कान जवळ न्यावा लागेल. सव्वासहा सेंटिमीटर ठेवलं, की स्वर चढतो.

पट्टी तीच, मग पहिल्यांदा ती गप्प का होती? 1 मिलिमीटर जाडीची अशी पट्टी 25 सेंटिमीटर बाहेर असताना सेकंदाला साधारण 13 वेळा कंप पावते. यालाच वारंवारता म्हणतात: 13 हर्ट्झ. माणसाच्या कानाला 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचाच ध्वनी कळतो. म्हणजे कंपनं होती, ती आपल्या कानाच्या टप्प्यात नव्हती. लांबी निम्मी केली की वारंवारता दुप्पट नव्हे, चौपट होते: 13 वरून 52, आणि 52 वरून 208.

टोक जास्त ओढून सोडलं तर? आयाम, म्हणजे डोलण्याचा पल्ला, वाढतो; आवाज मोठा होतो. स्वराची उंची तीच राहते.

(दृश्य: नादकाटा, रबरी ठोकळा, पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी.)

हा 512 हर्ट्झचा नादकाटा: दांडा आणि त्यावर दोन भुजा असलेला, आपटल्यावर ठरावीक स्वर देणारा धातूचा काटा. तो रबरावरच हलका आपटायचा. टेबलावर आपटला तर कर्कश जादा स्वर मिसळतात, भुजा वाकण्याचीही भीती असते.

वाजतोय, पण भुजा स्थिर वाटतात. सेकंदाला 512 कंपनं डोळ्याला टिपता येत नाहीत. म्हणून ती पाण्याला दाखवू द्या. भुजेचं टोक पाण्याला जेमतेम टेकवा. पाहा, थेंब कसे उडाले! वाटीच्या काठाला मात्र भुजा लागू देऊ नका.

आता वाजता नादकाटा कानाजवळ धरून दांड्याभोवती सावकाश फिरवा. एका पूर्ण फेरीत चार जागी आवाज जवळजवळ नाहीसा होतो. हे जरूर करून पाहा, कारण कंपन म्हणजे नेमकं काय ते इथे उलगडतं. दोन्ही भुजा एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात. बाहेर जाताना बाहेरच्या बाजूची हवा दाबली जाते, ते संपीडन. त्याच क्षणी दोन भुजांमधली हवा विरळ होते, ते विरलन. तिरक्या दिशांना ही दोन्ही एकदम पोहोचतात आणि एकमेकांना पुसून टाकतात.

हवेचे कण नादकाट्यापासून कानापर्यंत धावत येत नाहीत. ते जागच्या जागी मागेपुढे हलतात, शेजारच्या कणांना ढकलतात. पुढे सरकतं ते हे ढकलणं, 20 अंश सेल्सिअसच्या हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर वेगाने.

(दृश्य: काचेची हंडी, आत विजेची घंटा.)

हवाच काढून घेतली तर? निर्वात पंप सुरू आहे. टोला घंटेवर पडताना दिसतोय, आवाज मंदावत चाललाय. पुसटसा उरतो तो तारांमधून आणि आधारांमधून बाहेर येतो. म्हणून घंटा मऊ दोऱ्याने टांगायची.

शेवटी दोन बोटं कंठावर ठेवा. ‘म्‌ऽऽऽ’ म्हणा. बोटांना झिणझिण जाणवते: स्वरतंतू कंप पावताहेत. आता ‘स्‌ऽऽऽ’ म्हणा. कंठ शांत, तरी आवाज आहे. इथे जीभ आणि दातांमधल्या अरुंद फटीतून निघणारी हवा भोवरे घेते आणि ती स्वतःच कंप पावते.