खो मिळाला की

[दृश्य : उतरतं ऊन. मोकळं मैदान. फक्कीचा डबा घेऊन वाकलेला एक माणूस.]

मैदानावर पहिली फक्की पडते ती यांच्या हातची. वय अडुसष्ट. बडोद्यातल्या दांडिया बाजारामागच्या गल्ल्यांत यांना नावानं कुणी हाक मारत नाही. मराठी घरांत ते काका, आणि गुजरातीतही काकाला काकाच म्हणतात, त्यामुळे प्रश्नच मिटला.

शाळेच्या खो-खो संघात काका खांबावरचे. धावणारा खांबाजवळ घुटमळला की हे सूर मारायचे. हनुवटीखालची जुनी खूण तेव्हाची. संघानं काय काय जिंकलं हे विचारलं, तर म्हणाले, "कप शाळेकडे, खरचटलेलं माझ्याकडे."

[दृश्य : आखाडा. लाल माती, मल्लखांब.]

बडोद्यात हे वेड नवं नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात आखाड्यांना मान होता. जुम्मादादा वस्तादांच्या आखाड्यातून त्यांचे शिष्य माणिकराव यांनी पोरांच्या पिढ्या घडवल्या. हुतूतूचे नियम हिंद विजय जिमखान्यानं १९२३ साली छापले आणि त्या नियमांवर अखिल भारतीय स्पर्धाही इथेच भरवली. काका त्याच हवेत वाढले.

पण हा माहितीपट खेळावर नाही.

[दृश्य : अंगण. दोन लांब बांबू, सुतळीचा गुंडा. फक्त हात.]

गल्लीत कुणी गेलं की फोन काकांना. रात्रीचे दोन असोत, दिवाळी असो. हे हात बघा. आडव्या कामट्या सारख्या अंतरावर, सुतळीचे दोन वेढे, मग गाठ, आणि गाठीवर अंगठा दाबून एक हिसका. घरातली माणसं भांबावलेली असतात. काका हळू आवाजात विचारतात, "मडकं आणलं का? गुरुजींना कळवलं?" खासवाडीच्या स्मशानापर्यंत सोबत जातात आणि चहालाही न थांबता परततात. अशा किती तिरड्या बांधल्या, याचा हिशेब त्यांनी ठेवलेला नाही. आम्हीही विचारला नाही. ते विचारायचं नसतं.

ऑगस्ट २०२४. विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, मगरीही वस्तीत आल्या. काका तीन जुन्या खेळाडूंना घेऊन कमरेएवढ्या पाण्यात निघाले. ट्रकच्या ट्यूबवर दुधाच्या पिशव्या, रक्तदाबाच्या गोळ्या, मेणबत्त्या. मगरीची भीती नाही वाटली?

"वाटली की! म्हणून बॅटरीवाल्याला पुढे ठेवलं."

गेल्या वर्षी सत्कार झाला. शाल, श्रीफळ, लांबलचक भाषणं. वक्त्यांनी त्यांना दीपस्तंभ केलं, वटवृक्ष केलं. काका खुर्चीत अवघडून बसले होते. नारळ तिथेच फोडून पोरांना वाटला. शाल कुठे गेली म्हणाल, तर मैदानाच्या पहारेकऱ्याच्या अंगावर आहे.

[दृश्य : पुन्हा मैदान. आठ मुलं आलटून पालटून उलट तोंडांनी बसलेली.]

एक नवी मुलगी खो मिळायच्या आधीच उठते. काका शिट्टी वाजवतात.

"बस खाली. पाठीवर थाप पडू दे, 'खो' ऐकू येऊ दे. मग मात्र थांबायचं नाही."

ती बसते. डाव पुन्हा सुरू होतो. तेवढ्यात काकांच्या खिशातला फोन वाजतो. ऐकून घेतात. "किती वाजता?" एवढंच विचारतात. शिट्टी त्या मुलीच्या गळ्यात अडकवतात आणि सायकलकडे वळतात.

[फक्कीची रेघ. तिच्यावरून गेलेलं सायकलचं चाक.]