काचेवरचा ससा

[मालवण. सकाळची मासळी धक्क्यावर उतरते आहे. बाजूला उभी रिक्षा.]

काचेवर लाल अक्षरांत ‘आई भराडी प्रसन्न’. त्याच्या खाली, कोपऱ्यात, पांढरा ससा. कान ताठ, गळ्यात बो टाय.

रिक्षावाल्याला विचारलं, हा कोण?

“ससो. बरो दिसता म्हणान लावलंय.”

हा ससा शिकागोचा. आर्ट पॉल नावाच्या चित्रकाराने तो प्लेबॉय मासिकासाठी काढला. मासिक सुरू झालं डिसेंबर १९५३ मध्ये. काढणारा ह्यू हेफ्नर, वय २७. पाच डॉलरची पगारवाढ मिळेना म्हणून एस्क्वायर मासिकातली नोकरी सोडून बसलेला. हजार डॉलर आईने दिले, बाकीची उसनवारी. पहिला अंक त्याने घरातल्या स्वयंपाकाच्या टेबलावर जुळवला आणि त्यावर तारीख घातलीच नाही, कारण दुसरा निघेल याची त्यालाच खात्री नव्हती. पन्नास हजारांवर प्रती उडाल्या.

उडाल्या त्या मेरिलिन मन्रोच्या नग्न फोटोमुळे. फोटो १९४९चा, कॅलेंडरवाल्यांसाठी काढलेला. तेव्हा तिला ५० डॉलर मिळाले होते. हेफ्नरने तो ५०० डॉलरना घेतला. मन्रोच्या हाती त्यातली दमडी आली नाही. पुढे १९६३ मध्ये ग्लोरिया स्टायनेम ही पत्रकार वेश बदलून प्लेबॉयच्या न्यूयॉर्क क्लबात सशाचे कान लावून कामाला राहिली. तिथल्या पोरींचे पाय कसे सुजतात आणि पगार कसा कापला जातो, ते तिने छापून आणलं.

[लालबाग. जुन्या चाळीचा जिना.]

पण नुसत्या फोटोंवर मासिक इतकं चालत नाही. हेफ्नर पुरुषाला एक खोली विकत होता. स्वतःचा फ्लॅट, हातात कॉकटेल, तबकडीवर मंद संगीत आणि मैत्रिणीबरोबर पिकासोवर गप्पा. हे पहिल्याच अंकाच्या संपादकीयात आहे.

त्याच काळात आपला कोकणी पुरुष कुठे होता? लालबाग-परळच्या गाळ्यात. एका गावाची माणसं एका खोलीत, ज्याची त्याची ट्रंक भिंतीला. रात्रपाळीवाला परत यायचा तेव्हा दिवसपाळीवाल्याची वळकटी नुकतीच उचललेली असायची. जेवण खानावळीत, बायको गावाला, पगार झाला की मनिऑर्डर. मैत्रीण आणि पिकासो राहू द्या, पाय पसरायला जागा मिळाली तरी नशीब.

प्लेबॉय भारतात विकायला बंदीच. सत्तरच्या दशकात मुंबईतून डेबोनेर हे त्याच धर्तीचं मासिक निघालं. विनोद मेहता त्याचे संपादक होते आणि त्यात चक्क कविताही छापून यायच्या. तिकडे प्लेबॉयमध्येही मार्टिन ल्यूथर किंग यांची लांबलचक मुलाखत आली होती, १९६५ मध्ये. त्यामुळे ‘आम्ही लेख वाचायला घेतो’ हा जगभरच्या नवऱ्यांचा बचाव अगदीच खोटा नव्हता. नव्वद टक्के खोटा, एवढंच.

ऐन भरात, नोव्हेंबर १९७२चा अंक ७० लाखांवर खपला. मग खप घसरत गेला. २०१६ मध्ये नग्न फोटो बंद केले, वर्षभरात पुन्हा सुरू केले. तोवर इंटरनेटवर सगळं फुकट झालं होतं. २०१७ मध्ये हेफ्नर गेला, २०२० मध्ये अमेरिकेतला नियमित छापील अंकही थांबला.

[कांदोळीचा किनारा, गोवा.]

मधल्या काळात ससा कोकणपट्टीत उतरायला निघाला होता. कांदोळीच्या वाळूवर प्लेबॉय क्लब काढायचा बेत होता. विरोध झाला. एप्रिल २०१३ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने तांत्रिक कारण पुढे करून परवानगी नाकारली.

[पुन्हा रिक्षा.]

क्लब आला नाही. स्टिकर मात्र कुणालाही न विचारता आला.

रिक्षावाल्याला आम्ही ही सगळी कथा सांगितली. त्याने ऐकून घेतली. एकदा देवीच्या नावाकडे बघितलं, एकदा सशाकडे.

“मगे तेका मागल्या काचेर लावक होयो.”