नासक हिरा, धातूचा पक्षी आणि पैठणीचा पदर

श्रोतेहो, नमस्कार. मौल्यवान वस्तूची किंमत नेमकी कशात असते, या प्रश्नावर आज आपल्याशी बोलायचे आहे, आणि बोलण्याची सुरुवात पुण्याच्या इतिहासाशी जोडलेल्या एका हिऱ्यापासून करतो.

गोवळकोंड्याच्या खाणींतून आलेला आणि त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी ज्याचे नाव जोडले जाते, तो ‘नासक’ हिरा पुढे पेशव्यांच्या जामदारखान्यात आला आणि १८१८ साली दुसऱ्या बाजीरावांचे राज्य गेले तेव्हा युद्धातील लूट म्हणून इंग्रजांच्या हाती पडला. त्या वेळी त्याचे वजन नव्वद कॅरटच्या आसपास होते. आपल्याकडचे कारागीर हिऱ्याला पैलू पाडताना शक्य तितके वजन राखत, कारण देवापुढे किंवा दरबारात हिऱ्याचा मोठेपणा त्याच्या आकारमानातच पाहिला जाई. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांच्या पेढीला मात्र त्या जुन्या पैलूंतून पुरेसे तेज बाहेर पडत नाही असे वाटले. तेथे हिरा नव्याने कापला गेला आणि त्याचे वजन ऐंशीच्या आसपास आले. नंतर वेस्टमिन्स्टरच्या उमरावाने तो तलवारीच्या मुठीत बसवला. १९४० मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो पुन्हा कापवला, तेव्हा ४३.३८ कॅरट उरले. दगड तोच, पण प्रत्येक नव्या मालकाने आपल्या समाजाला जे मोलाचे वाटे ते त्याच्यातून कोरून काढले आणि उरलेले भुकटी करून टाकले. देवस्थानात ते भक्तीचे द्रव्य होते, पुण्यात राज्याचे वैभव होते, लंडनमध्ये जिंकलेल्या राज्याची खूण होती आणि न्यूयॉर्कमध्ये विक्रीचा माल होता. मला यातली शेवटची अवस्था सर्वांत उदास करणारी वाटते, कारण तेथपर्यंत येताना त्र्यंबकेश्वर आणि पुणे ही नावे किंमत वाढवणाऱ्या कहाणीपुरतीच शिल्लक राहिली होती.

याच हिऱ्याने अमेरिकेत कलेविषयीचा एक मूलभूत प्रश्न उभा केला. तेथील कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलात्मक वस्तू जकातीशिवाय आणता येत असे. १९२० च्या दशकात हा हिरा अशीच प्राचीन कलावस्तू म्हणून न्यूयॉर्कला आणला गेला, आणि प्रकरण न्यायालयात गेले. शेवटी निर्णय असा झाला की तो कलात्मक प्राचीन वस्तू ठरत नाही. त्याच सुमारास, त्याच शहरात, दुसराही खटला चालू होता. कॉन्स्टँटिन ब्रांकुशी या शिल्पकाराचे ‘अवकाशातील पक्षी’ हे शिल्प १९२६ मध्ये बंदरावर उतरले. पंख नाहीत, चोच नाही, घासूनपुसून आरशासारखी केलेली कांस्याची एक उंच, निमुळती आकृती. जकात अधिकाऱ्यांनी तिची गणना स्वयंपाकघरातील भांडी आणि रुग्णालयातील साहित्य यांच्या वर्गात केली आणि चाळीस टक्के कर लावला. १९२८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की पक्ष्यासारखे दिसत नसले, तरी हे एका शिल्पकाराने स्वतः घडवलेले मूळ काम आहे आणि म्हणून ती कला आहे.

हे दोन निकाल एकत्र वाचले की एक गोष्ट लक्षात येते. शिल्पाच्या मागे घडवणाऱ्याचे नाव उभे होते, त्याला न्यायालयात साक्षीदार मिळाले. हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या हातांना नावच नव्हते. कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्य असेलही. परंतु वस्तू कोणाच्या मालकीची होती याच्या नोंदी शतकानुशतके जपल्या जातात आणि ती कोणी घडवली हे सहज विसरले जाते, ही खंत मला त्यातून दूर सारता येत नाही.

युरोपच्या चित्रकलेनेही हा प्रश्न फार सुंदर रीतीने हाताळला आहे. विलेम काल्फ या डच चित्रकाराच्या १६६२ च्या चित्रात गालिचावर चिनी भांडे, सोन्यारुप्यात मढवलेला शंख आणि अर्धवट सोललेले लिंबू आहे. गालिचा, चिनी माती आणि शंख हे सारे दूरदेशींच्या व्यापारातून आलेले. खाली लोंबणारी लिंबाची साल मात्र रात्रभरात सुकून जाणार. श्रीमंत गिऱ्हाइकासाठी काढलेले असे चित्र स्वतःच चैनीची वस्तू असते, आणि तरीही ते पाहणाऱ्याला त्या चैनीचे आयुष्य किती थोडे आहे हे दाखवते.

आपल्या काळात वस्तूच्या मोलाची जागा कंपनीच्या बोधचिन्हाने घेतली आहे. लोक आपली प्रतिष्ठा दाखवण्यासाठीही खर्च करतात, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉरस्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्येच मांडले होते. आजची पिशवी किंवा घड्याळ दुरून ओळखू यावे लागते, जवळून पाहण्याची कोणाला फारशी गरज पडत नाही.

म्हणून शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय मला फार महत्त्वाचे वाटते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी, लहानपणीच गेलेल्या राजा या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ उभारलेल्या या संग्रहात, राजवैभवापेक्षा घरातल्या वस्तूंना मान दिला: दिवे, दौती, कुलपे, अडकित्ते, वज्र्या. वज्री म्हणजे टाचा घासण्याचे साधन. तिची खालची बाजू खरखरीत, कामापुरती. पण वर हाताच्या पकडीसाठी मोर नाहीतर हंस बसवलेला. न्हाणीघराच्या आडोशाला जी वस्तू घरातल्या माणसांशिवाय कोणी पाहणार नाही, तिच्यावर कोणा तांबटाने किंवा ओतकाम करणाऱ्याने इतका जीव लावला आहे. ही चैन कोणाला दाखवण्यासाठी नाही, ती वापरणाऱ्याच्या हातासाठी आहे, आणि उंची वस्तूचा याहून चांगला अर्थ मला सापडलेला नाही.

ही परीक्षा लक्ष्मी रस्त्यावरच्या साड्यांच्या दुकानातही करता येते. पैठणी घेताना पदर उलटा करून पाहा. हातमागावर विणकर प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी चालवतो आणि जेथे रंग बदलतो तेथे धागे एकमेकांत गुंतवतो, त्यामुळे मोर मागूनही तसाच सुबक दिसतो. यंत्रावर काढलेल्या नक्षीच्या मागे बहुधा सुट्या धाग्यांची जाळी असते. पदर भरगच्च असेल तर येवल्याच्या विणकराचे काही महिने एका साडीत जातात, आणि ती जेव्हा मखमली पेटीत ठेवून आपल्यापुढे येते, तेव्हा पेटीवर बहुतेक वेळा दुकानाचे नाव असते, विणणाऱ्याचे नसते. साडीची किंमत लिहिलेल्या चिठ्ठीवर विणकराचे नाव, त्याचे गाव आणि विणण्यास लागलेला काळ लिहिण्यात काहीही अवघड नाही. पुण्यातल्या दुकानदारांनी हे येत्या लग्नसराईपासूनच सुरू करावे, आणि श्रोतेहो, तोवर आपण गिऱ्हाईक म्हणून काउंटरवर हे नाव विचारत राहावे, एवढी माझी विनंती आहे. नमस्कार.